राजकीय शोकांतिकेतील कारस्थानी आणि निष्ठावान पात्रे कशी अभ्यासावीत : 'ज्युलिअस सीझर'च्या आधारे

वडोदऱ्यातील दांडिया बाजार, रावपुरा या भागांतल्या मराठी घरांतून इंग्रजी साहित्याचा अभ्यास करणारे विद्यार्थी शेक्सपिअरचे 'ज्युलिअस सीझर' परीक्षेसाठी वाचायला घेतात, तेव्हा पात्रांची वाटणी त्यांच्या मनात बहुधा आधीच झालेली असते. रोमचा सत्ताधीश सीझर याच्या खुनाचा कट रचणारा कॅशियस कारस्थानी, त्याच्या सांगण्यावरून कटात आलेला सीझरचा मित्र ब्रूटस सज्जन पण भोळा, आणि खुनानंतर लोकांना मारेकऱ्यांविरुद्ध पेटवणारा अँटनी मित्राला जागणारा. ही वाटणी अगदी निराधार आहे असे मी म्हणणार नाही. परंतु तिच्यावर थांबणारा विद्यार्थी या नाटकातला खरा पेच पाहतच नाही. ज्या माणसाची मित्रावरची निष्ठा संशयातीत आहे तोच माणूस या नाटकात सर्वांत मोठी फसवणूक करतो, आणि ज्याने मित्राचे कान भरले तोच पुढे त्या मित्रासाठी आपले योग्य मतही वारंवार बाजूला ठेवतो. म्हणून या मार्गदर्शनाचा सगळा भर एका गोष्टीवर आहे : पात्राला एकच विशेषण चिकटवू नये, तर प्रत्येक प्रवेशात ते कोणासमोर, कशासाठी आणि कोणाच्या जिवावर बोलते आहे, हे तपासावे.

पार्श्वभूमी थोडक्यात लक्षात ठेवावी. नाटक १५९९ च्या सुमारास रंगभूमीवर आले आणि प्रथम छापले गेले ते १६२३ मध्ये. कथावस्तू प्राचीन ग्रीक लेखक प्लुटार्कने लिहिलेल्या चरित्रांतून घेतलेली आहे, आणि शेक्सपिअरसमोर त्या चरित्रांचे टॉमस नॉर्थ यांनी केलेले १५७९ चे इंग्रजी भाषांतर होते. इतिहासात सीझरचा खून १५ मार्च इ. स. पूर्व ४४ रोजी झाला आणि ब्रूटस-कॅशियस ज्यात हरले ती फिलिपीची लढाई इ. स. पूर्व ४२ मध्ये झाली. नाटककाराने या काळाचा पुष्कळ संकोच केला आहे. खून आणि अंत्यसंस्काराच्या वेळची भाषणे त्याने एकाच दिवसात आणली आहेत. उत्तरात इतिहास आणि नाटक यांची सरमिसळ होऊ नये, एवढ्यापुरती ही माहिती पुरेशी आहे.

स्वगतापासून सुरुवात करावी

नाटक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकदा वाचून झाले की दुसऱ्या वाचनाला स्वगतांपासून आरंभ करावा. कारस्थानी माणूस ओळखण्याचे सर्वांत विश्वसनीय साधन म्हणजे त्याच्या चारचौघांतल्या बोलण्यातले आणि एकांतातल्या बोलण्यातले अंतर होय. हे साधन नाटकाच्या वाचकाला मिळते, न्यायालयाला मिळत नाही. आपल्या याच शहराच्या इतिहासात १८७५ साली येथील महाराज मल्हारराव गायकवाडांवर रेसिडेंटला, म्हणजे दरबारातल्या इंग्रज सरकारच्या प्रतिनिधीला, विष देण्याच्या प्रयत्नाचा आरोप आला आणि त्यासाठी सहा सदस्यांचा आयोग बसला. साक्षी-पुरावे सर्वांसमोर तेच होते. तरी तीन इंग्रज सदस्यांनी आरोप खरा मानला आणि तीन हिंदी सदस्यांना तो सिद्ध झाला असे वाटले नाही. मनात काय होते हे ठरवणे किती कठीण असते, याचे हे वडोदऱ्यातलेच उदाहरण आहे. नाटककार मात्र पात्राला एकटे उभे करून त्याचे मन आपल्यापुढे उघडे करतो, आणि या सवलतीचा पुरेपूर उपयोग न करणारा वाचक स्वतःचेच नुकसान करून घेतो.

पहिल्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशाच्या अखेरीस कॅशियस एकटा राहतो. ब्रूटस उदात्त आहे, पण त्याची ही उदात्त घडणही वळवता येते. मोहात पडणार नाही इतका पक्का कोण असतो. आणि आपण ब्रूटसच्या जागी असतो तर त्याला आपले मन असे वळवू दिले नसते, अशा आशयाचे तो बोलतो. त्यानंतर वेगवेगळ्या हस्ताक्षरांतली पत्रे, जणू अनेक नागरिकांनी लिहिली आहेत अशी, ब्रूटसच्या खिडकीतून आत टाकण्याचा बेत तो सांगतो. हे स्वगत वाचून लगेच मागे जावे आणि त्याच प्रवेशातला कॅशियस-ब्रूटस संवाद पुन्हा वाचावा. आता त्यातली प्रत्येक ओळ वेगळी दिसते. 'तुला तुझा चेहरा दिसत नाही, मी तुझा आरसा होतो' ही सुरुवात. मग टायबर नदीत दमलेल्या सीझरला आपण वाचवल्याची आणि स्पेनमध्ये तो तापाने थरथरल्याची हकीकत. आणि शेवटी ब्रूटसच्या त्या पूर्वजाचे स्मरण, ज्याने रोममधून राजाला हाकलले होते. या संवादावर काम करताना एक निरीक्षण जरूर नोंदवावे. सीझरविरुद्धची कॅशियसची कारणे जवळजवळ सगळी वैयक्तिक मत्सरातून आलेली आहेत : हा आपल्याइतकाच दुबळा असून आपल्या डोक्यावर कसा बसला, ही ती सल आहे. ब्रूटसला पटवताना मात्र तो घराण्याची अब्रू आणि रोमचे स्वातंत्र्य पुढे करतो. स्वतःचे कारण एक आणि समोरच्याला दिलेले कारण दुसरे, ही तफावत उत्तरात उदाहरणासह दाखवता आली की कारस्थानाचे विश्लेषण खऱ्या अर्थाने सुरू झाले असे समजावे.

फसणाऱ्याचा वाटा

इथे बहुतेक विद्यार्थी थांबतात, आणि इथेच थांबू नये असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. कोणाला फूस लावली जाते तेव्हा फूस लागणाऱ्यानेही काही केलेले असते. दुसऱ्या अंकाच्या आरंभी ब्रूटसचे बागेतले स्वगत घ्यावे आणि पेन्सिलने त्यातल्या वाक्यांचे दोन भाग करावेत : जे ब्रूटसला प्रत्यक्ष ठाऊक आहे ते एका खुणेने, आणि जे पुढे घडू शकेल असे त्याला वाटते ते दुसऱ्या खुणेने. पहिल्या भागात सीझरविरुद्ध काहीच सापडत नाही. उलट, आपले त्याच्याशी वैयक्तिक वैर नाही आणि त्याच्या विकारांनी त्याच्या बुद्धीवर मात केल्याचे आपण पाहिलेले नाही, अशी कबुलीच मिळते. सगळा युक्तिवाद दुसऱ्या भागावर, म्हणजे मुकुट मिळाला तर सीझर कदाचित बदलेल या शक्यतेवर उभा आहे. शिवाय स्वगताच्या पहिल्याच ओळीत मृत्यूचा निर्णय आहे आणि कारणे नंतर येतात, हा क्रमही नजरेतून सुटू देऊ नये.

मग नोकर ल्युशियस खिडकीपाशी सापडलेले पत्र आणतो. त्या पत्रातले मुख्य वाक्य अर्धवट सोडलेले आहे. रोमने काय करावे, हे त्यात पूर्ण लिहिलेलेच नाही. ब्रूटस ते वाक्य स्वतः पूर्ण करतो, आणि एका माणसाच्या धाकाखाली रोमने राहावे काय, असा प्रश्न त्यात स्वतःच भरतो. माझ्या मते संपूर्ण नाटकात मन वळवण्याच्या कलेचा इतका सूक्ष्म नमुना दुसरा नाही. कॅशियसने फक्त रिकामी जागा ठेवली; ती भरणारा हात ब्रूटसचा होता. त्याच्या सद्गुणातच, म्हणजे आपण स्वार्थासाठी काही करत नाही या दृढ विश्वासातच, फसण्याची वाट होती. 'ब्रूटस भोळा होता' हे विधान यापुढे फार तोकडे वाटू लागते.

कटातल्याच डेशियसचा प्रवेश याच दृष्टीने झटपट वाचता येतो. सीझरच्या पत्नीला, कॅल्पर्नियाला, स्वप्नात सीझरच्या पुतळ्यातून रक्त वाहताना दिसले. डेशियस त्याच स्वप्नाचा शुभ अर्थ लावतो, सिनेट आज मुकुट देणार असल्याचे सांगतो आणि घरी राहिल्यास लोक सीझरला भित्रा म्हणतील, अशी कळ दाबतो. तुम्हाला खुशामतखोर आवडत नाहीत असे म्हटले की सीझर सर्वांत जास्त खूश होतो, हे त्याने आधीच सांगून ठेवलेले आहे. आमिष बदलले, रीत तीच राहिली.

अँटनी : निष्ठेतून आलेले कारस्थान

अँटनीसाठी सर्वांत जास्त वेळ राखून ठेवावा आणि त्याचे तीन प्रसंग एकाच बैठकीत वाचावेत. पहिला, तिसऱ्या अंकात सीझरच्या प्रेतापाशी तो एकटा उरतो तो. मारेकऱ्यांचे रक्ताळलेले हात एकेक करून हातात घेणारा हाच माणूस एकटा होताच त्या प्रेताची क्षमा मागतो, मारेकऱ्यांना खाटीक म्हणतो आणि इटलीवर यादवी युद्ध ओढवेल असे भाकीत करतो. त्याचे दुःख खरे आहे. या स्वगताला ऐकणारा कोणी नाही, त्यामुळे त्यात ढोंग करण्याचे कारणही नाही. दुसरा प्रसंग चौकातल्या भाषणाचा, आणि तिसरा चौथ्या अंकाच्या सुरुवातीचा.

भाषणाचा अभ्यास करताना वहीच्या पानावर मध्ये रेघ ओढावी. डाव्या बाजूला अँटनीचे मुद्दे आणि उजव्या बाजूला त्याच वेळी जमावातून आलेली वाक्ये लिहावीत. भाषण नुसते वाचले तर ते वक्तृत्वाचा नमुना वाटते, पण जमावाच्या वाक्यांसह वाचले की अँटनी क्षणोक्षणी श्रोत्यांचा अंदाज घेत पुढचे पाऊल टाकतो आहे, हे दिसते. ब्रूटस सन्माननीय गृहस्थ आहेत, हे वाक्य तो इतक्या वेळा आणतो की अखेरीस जमावच त्या शब्दाचा उलटा अर्थ ओरडून सांगतो. मृत्युपत्र तो दाखवतो आणि वाचायचे नाकारतो. लोक मागू लागल्यावर खाली उतरून आधी अंगरखा दाखवतो, मग प्रेत दाखवतो, आणि दंगल पेटल्यावर मृत्युपत्राची आठवण करून देतो. अंगरख्यावरचे कोणते छिद्र कॅशियसच्या, कोणते कॅस्काच्या आणि कोणते ब्रूटसच्या खंजिराचे, हे तो बोट ठेवून सांगतो. मात्र खुनाच्या वेळी कटातल्या ट्रेबोनियसने त्याला बाहेर नेलेले होते, त्याने वार पाहिलेलेच नाहीत. हा तपशील उत्तरात आणणारा विद्यार्थी नाटक स्वतः वाचतो आहे, हे परीक्षकाला लगेच कळते.

मृत्युपत्रानुसार प्रत्येक रोमन नागरिकाला ७५ द्राख्मा मिळायचे होते. चौथ्या अंकात अँटनी आणि आता त्याच्याबरोबर सत्तेत आलेले ऑक्टेव्हियस व लेपिडस ठार मारायच्या लोकांची यादी करत बसलेले असतात. अँटनी स्वतःच्या भाच्याच्या नावावर खूण करतो, आणि तेच मृत्युपत्र आणवून त्यातल्या देण्यांना कात्री कशी लावता येईल ते पाहू म्हणतो. लेपिडस आणायला गेला की तो मागे त्याची निंदा करतो. आता प्रश्न असा विचारावा की अँटनीची निष्ठा कोणावर होती. ती सीझर या माणसावर होती. सीझरने ज्यांच्यासाठी काही ठेवले त्या लोकांशी तिचा संबंध नव्हता. त्याची निष्ठा खरी होती म्हणून त्याची फसवणूक निर्दोष ठरत नाही, आणि फसवणूक केली म्हणून निष्ठा खोटीही ठरत नाही. दोन्ही विधाने एकाच परिच्छेदात, पुराव्यासह, शेजारी शेजारी ठेवण्याचे धैर्य विद्यार्थ्याने दाखवावे.

निष्ठा कोणाशी, आणि किंमत कोण मोजतो

निष्ठावान पात्रांसाठी हे दोन प्रश्न पुरतात. मराठी वाचकाला त्यातला पहिला समजावण्यासाठी रामशास्त्री प्रभुणे यांचे नाव पुरेसे आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर रामशास्त्र्यांनी गादीवर आलेल्या रघुनाथरावांनाच दोषी धरले. त्यांची निष्ठा पेशव्यांच्या व्यक्तीशी नव्हती, न्यायाशी होती. ब्रूटसही आपण रोमवर अधिक प्रेम केले असे सांगतो, म्हणजे तोही तत्त्वनिष्ठाच सांगतो आहे. फरक दुसऱ्या प्रश्नात दिसतो. रामशास्त्र्यांच्या निष्ठेत धोका त्यांच्या स्वतःवर होता. ब्रूटसच्या निष्ठेची पहिली किंमत त्याच्या मित्राने जिवानिशी मोजली.

कॅशियसकडे या प्रश्नांसह परत यावे. अँटनीला जिवंत ठेवू नये, त्याला भाषण करू देऊ नये, फिलिपीकडे कूच करू नये, अशी तीनही मते त्याने मांडली. पहिल्या दोन्ही वेळी तो बरोबर होता हे नाटकच दाखवते, आणि तिसऱ्या वेळीही त्याचाच सल्ला अधिक शहाणा होता असे मी मानतो. प्रत्येक वेळी ब्रूटसने नकार दिला आणि कॅशियसने ऐकले. लाच घेण्यावरून झालेल्या भांडणात तो स्वतःची छाती आणि खंजीर ब्रूटसपुढे करतो. पहिल्या अंकातल्या धूर्त माणसाचे हे वागणे आहे. त्यामुळे कॅशियसवर लिहिताना 'पहिल्या अंकात' किंवा 'चौथ्या अंकात' असा निर्देश केल्याशिवाय विधान करू नये.

पाचव्या अंकातली ब्रूटस-कॅशियसच्या बाजूची छोटी पात्रे सहसा दुर्लक्षिली जातात. पकडला गेलेला ल्युसिलियस आपणच ब्रूटस आहोत असे सांगून खऱ्या ब्रूटसला वेळ मिळवून देतो. टिटिनियस मेलेल्या कॅशियसच्या कपाळावर विजयाची माळ ठेवून त्याच्याच तलवारीने प्राण देतो. क्लिटस, डार्डेनियस आणि व्होलम्नियस ब्रूटसला मरायला मदत करण्यास नकार देतात, तर स्ट्रेटो तलवार धरतो. नकार देणाऱ्यांची निष्ठा मोठी की तलवार धरणाऱ्याची, यावर एक पान लिहून पाहावे. स्वतःच्या फायद्यासाठी कोणालाही न भुलवणारी ही माणसे मोठ्या पात्रांना मोजण्याचे माप पुरवतात. ब्रूटसची पत्नी पोर्शिया हिचाही विचार इथेच करावा. स्वतःच्या मांडीवर जखम करून तिने आपण गुपित राखू शकतो हे सिद्ध केले, आणि पतीच्या निर्णयाची किंमत तिनेही प्राणाने दिली.

उत्तर लिहिताना

संपूर्ण पात्राचा आढावा घेण्याऐवजी एक प्रवेश निवडावा, त्यावर एक ठाम विधान करावे, दोन-तीन ओळींचा आधार द्यावा आणि मग आपल्याच विधानाला छेद देणारा एक तरी पुरावा स्वतः पुढे आणून त्याला उत्तर द्यावे. इंग्रजी ओळी पाठ असतील तर थोडक्याच उद्धृत कराव्यात. ओळीनंतर ती कोणासमोर उच्चारली आहे हे लिहायला विसरू नये, कारण या नाटकात श्रोता बदलला की सत्यही बदलते.

सरावासाठी शेवटचा प्रवेश घ्यावा. ब्रूटसच्या प्रेतापाशी अँटनी म्हणतो की कारस्थान करणाऱ्यांमध्ये हा एकच उदात्त होता, इतरांनी मत्सरापोटी केले आणि याने सर्वांच्या हितासाठी. हे शब्द त्याने ऑक्टेव्हियस आणि सैन्यासमोर, युद्ध जिंकल्यावर उच्चारले आहेत, एकांतात नाही. ब्रूटसच्या माणसांना ऑक्टेव्हियस नुकताच आपल्या सेवेत घेऊन मोकळा झाला आहे. आधी हे बोल मनापासून आलेले आहेत असे धरून एक परिच्छेद लिहावा, मग ते विजेत्याचे राजकीय बोल आहेत असे धरून दुसरा लिहावा, आणि चौकातल्या भाषणाची नोंद शेजारी ठेवून दोहोंपैकी कोणता परिच्छेद अधिक टिकतो ते ठरवावे.