आतला ट्रे सहज निघावा, वस्तू मात्र हलू नये
नाजूक वस्तूच्या खोक्यात काढता येणारा ट्रे बसवताना त्यातला खळगा वस्तूच्या संपूर्ण आकाराला तंतोतंत चिकटेल असा करू नये. भार तिच्या मजबूत भागांवर पेलला जाईल आणि काच किंवा बटणांभोवती मोकळी जागा राहील, अशी आखणी करावी. समोरासमोरच्या दोन कडांना बोट शिरेल एवढ्या खाचा अवश्य द्याव्यात, कारण घट्ट बसलेल्या ट्रेखाली हवा शिरत नाही, तो अडकतो, आणि मग ग्राहक खोके उलटे करून झटकतो, जे वस्तूसाठी सर्वांत घातक. भरलेला नमुना एका कोपऱ्यावर, त्याला मिळणाऱ्या 3 कडांवर आणि 6 बाजूंवर, असा एकूण 10 वेळा पाडून पाहावा.