कोडिंगच्या सरावाला प्रश्न कुठून आणायचे?

भाऊ, जळगाव-भुसावळकडची बरीच पोरं सिंटॅक्स (कोड लिहायचे नियम) शिकतात आन तिथंच थांबतात, सोडवायला काय घ्यावं तेच कळत नाही. एकदम नवीन असाल तर एक्सरसिझम ही सरावाची वेबसाइट घ्या, फुकट आहे, भाषा निवडायची न सोप्यापासून वर जायचं. गणित आवडत असेल तर प्रोजेक्ट ऑयलर ही गणिती प्रश्नांची साइट, २००१ पासून चालू आहे. पहिलाच प्रश्न बघा: १००० च्या आतल्या, ३ किंवा ५ ने भाग जाणाऱ्या संख्यांची बेरीज. सोपा वाटतो, पण ३ ची न ५ ची वेगवेगळी बेरीज करून मिळवली की १५, ३०, ४५ हे सगळे दोनदा मोजले जातात, म्हणून आधी २० च्या आतलं हाताने करा, ७८ यायला पाहिजे, ९३ आलं तर १५ दोनदा धरला.

स्पर्धेची तयारी असेल तर कोडफोर्सेस या कोडिंग स्पर्धांच्या साइटवर ८०० रेटिंगचा, म्हणजे सगळ्यात सोप्या प्रश्नांचा, फिल्टर लावा. अडकलं की लगेच उत्तर उघडू नका, कागदावर अर्धा तास तरी झगडा.

आन मला सगळ्यात भारी वाटतं ते घरचं काम: रावेरच्या केळीचे रोजचे भाव फाईलीत टाका, महिन्याची सरासरी काढा, न मधल्या एखाद्या दिवसाचा भाव रिकामा सोडून प्रोग्राम टिकतो का तेही बघा.