ड्राइव्ह नवी टेप घेत नाहीये? खराब म्हणून फेकायच्या आधी एवढं करून बघा

रत्नागिरीत बॅकअपला टेप वापरतो म्हटलं की लोकांना गाण्यांची कॅसेट आठवते, पण एलटीओ-९ च्या (बॅकअपच्या टेपांचा हा एक प्रकार, ९ म्हणजे नववी पिढी) एका टेपवर १८ टीबी मावतं आणि ती काही स्वस्त नाही, म्हणून इनिशियलायझेशनचा, म्हणजे नवी टेप पहिल्यांदा तयार करून घेतानाचा, एरर आला की लगेच टेपवर फुली मारू नका.

सगळ्यात आधी टेप कुठून आली ते बघा. पावसात आपल्याकडे पापड एका रात्रीत सादळतात, टेपची फीतही हवेप्रमाणे किंचित फुगते-आक्रसते आणि एसीतून एकदम दमट हवेत आली तर तिला घामही येतो. तेव्हा कुरिअरने आलेली टेप डबीसकट ड्राइव्हच्याच (टेप वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या यंत्राच्या) खोलीत २४ तास ठेवा, मगच आत घाला. खोलीतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या आत हवी, जुलैत खिडकी उघडी ठेवून हे जमणार नाही, एसी लागणारच.

आता मुख्य गोष्ट. एलटीओ-९ ची कोरी टेप पहिल्यांदा घातली की ड्राइव्ह ती मोजून-मापून जुळवून घेतो, याला बहुतेक वेळा पाऊण तास आणि कधी कधी २ तासही लागतात. तोवर सॉफ्टवेअर कंटाळून टाइमआउटचा एरर टाकतं आणि आपल्याला वाटतं टेप गेली! इजेक्ट दाबू नका, बसून राहा, आणि सॉफ्टवेअरमधला टाइमआउट (वाट बघायची मुदत) वाढवून ठेवा. हे प्रत्येक टेपला एकदाच होतं, पण मध्येच लाइट गेली तर पुन्हा पहिल्यापासून. माझं असं भर पावसात दोनदा झालंय, तेव्हापासून यूपीएसशिवाय नवी टेप घालतच नाही. आणि जिथे टेप वापरायची तिथेच हे करा, पुण्याच्या कोरड्या हवेत करून इकडे पाठवू नका.

तरी होत नसेल तर बारकोडची शेवटची दोन अक्षरं वाचा, टेप कुठल्या पिढीची ते त्यावरून कळतं. एलटीओ-९ ड्राइव्हला ८ आणि ९ चालते, ७ नाही. एलटीओ-८ ला ७ आणि ८, सहाची टेप तो वाचतही नाही. मग कार्ट्रिजवरची, टेपवर लिहिणं बंद करणारी कुलपाची छोटी पट्टी सरकलेली नाही ना बघा (हसू नका, निम्म्या वेळा तीच असते).

क्लीनिंगचा दिवा लागला असेल तर क्लीनिंग कार्ट्रिज एकदा फिरवा. उगाच रोज नको, तिचे वापर मोजकेच असतात.

शेवटी दुसरी, चालणारी टेप घालून बघा. ती चालली तर दोष पहिल्या टेपचा, तीही अडली तर ड्राइव्ह नाहीतर केबल. आणि कोणी सांगितलं की चुंबकाने पुसून कोरी कर, तर ऐकू नका, कारखान्यात लिहिलेले सर्व्हो ट्रॅकही (ड्राइव्हला फितीवर वाट दाखवणाऱ्या खुणा) त्यात पुसले जातात आणि मग ती टेप कुठलाच ड्राइव्ह घेत नाही.