अमेरिकेतील महिला महाविद्यालयांची गुणवत्ता शिष्यवृत्ती : अर्ज करण्यापूर्वी

बारावीनंतर पदवीसाठी थेट अमेरिकेला जाऊ इच्छिणाऱ्या मुली माझ्याकडे चौकशीला येतात, तेव्हा त्यांच्या यादीत पहिले नाव बहुधा वेल्स्लीचे असते आणि दुसरे बार्नर्डचे. दोन्ही महाविद्यालये उत्तमच आहेत. पण त्याच कागदावर खाली ‘मेरिट स्कॉलरशिप हवी’ असे लिहिलेले असेल, तर ती यादी पहिल्या दोन ओळींतच अडते. या दोन्ही ठिकाणी गुणवत्तेवर शिष्यवृत्ती दिलीच जात नाही. तिथे मिळणारे साहाय्य केवळ कुटुंबाच्या आर्थिक गरजेवर ठरते. प्रवेश मिळालेली प्रत्येकच मुलगी गुणवान आहे, मग त्यांच्यात पुन्हा डावे-उजवे कशासाठी, असा त्यामागचा विचार आहे. याउलट मॅसॅच्युसेट्समधील स्मिथ आणि माउंट होल्योक, फिलाडेल्फियाजवळचे ब्रिन मॉर, कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स, जॉर्जियातील ॲग्नेस स्कॉट आणि स्पेलमन ही महिला महाविद्यालये गरजेवर आधारित साहाय्याबरोबरच गुणवत्ता शिष्यवृत्त्याही देतात. मी स्वतः सातारा जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयातून अशाच एका महिला महाविद्यालयात गुणवत्ता शिष्यवृत्तीवर गेले, आणि आता ओळखीपाळखीच्या मुलींचे अर्ज वाचून देते. त्या अनुभवाच्या आधारे हे लिहीत आहे.

आपल्याकडे शिष्यवृत्ती म्हणजे परीक्षा, गुणवत्ता यादी आणि यादीत नाव लागले की ठरलेली रक्कम, असा हिशेब असतो. अमेरिकेतील पदवी महाविद्यालयाची गुणवत्ता शिष्यवृत्ती मात्र महाविद्यालयाने आपल्याच फीमध्ये दिलेली सवलत असते, आणि ती देण्यामागे महाविद्यालयाचा स्वतःचा स्वार्थ असतो. १९६०च्या सुमारास अमेरिकेत दोनशेहून अधिक महिला महाविद्यालये होती. आज ती तीसच्या आसपास उरली आहेत. वासार १९६९मध्ये सहशिक्षणाकडे वळले, रॅडक्लिफ १९९९मध्ये हार्वर्डमध्ये विलीन झाले. जी टिकून आहेत त्यांच्याकडे अर्ज करणाऱ्या हुशार मुलीला त्याच वेळी सहशिक्षणाच्या चार-पाच चांगल्या महाविद्यालयांतही प्रवेश मिळत असतो. तिने आपल्याकडेच यावे म्हणून महाविद्यालय फी कमी करून देते. म्हणून ‘मी शिष्यवृत्तीला पात्र आहे का’ यापेक्षा ‘कोणत्या महाविद्यालयाला मी इतर अर्जदारांपेक्षा जास्त हवी आहे’ हा प्रश्न कामाचा आहे. जिथे प्रवेश मिळणे हीच नशिबाची गोष्ट ठरेल, तिथून मोठी सवलत मिळण्याची आशा धरू नये. जिथे आपले गुण, लेखन आणि काम प्रवेश मिळालेल्या मुलींच्या वरच्या थरात बसते, तिथे ती आशा रास्त आहे. यादीतली निदान दोन-तीन महाविद्यालये या दुसऱ्या प्रकारची असावीत, मग घरच्यांना त्यांची नावे माहीत असोत वा नसोत.

या शिष्यवृत्त्यांची रूपे निरनिराळी आहेत. माउंट होल्योकच्या ट्रस्टी शिष्यवृत्तीत संपूर्ण ट्यूशन फी माफ होते, मात्र राहण्या-जेवणाचा खर्च आपल्यावर राहतो. स्मिथच्या ‘स्ट्राइड’मध्ये फीतील सवलतीबरोबरच पहिली दोन वर्षे एखाद्या प्राध्यापकाच्या संशोधनात पगारी साहाय्यक म्हणून काम मिळते, आणि माझ्या मते त्या कामाचे मोल पैशांपेक्षा अधिक आहे, कारण पहिल्याच वर्षी प्रयोगशाळेत किंवा दप्तरखान्यात बसलेली मुलगी तिसऱ्या वर्षी उन्हाळी संशोधनासाठी अर्ज करताना इतरांच्या पुढे असते. यांखेरीज वर्षाला काही हजार डॉलरपासून पुढे जाणाऱ्या लहान-मोठ्या रकमांच्या शिष्यवृत्त्या सगळीकडे असतात. यांतल्या बहुतेकांसाठी वेगळा अर्ज नसतो. प्रवेशासाठी पाठवलेलीच फाइल वाचून निर्णय होतो. परदेशी विद्यार्थिनींना कोणती शिष्यवृत्ती खुली आहे, हे मात्र प्रत्येक ठिकाणी त्या-त्या वर्षीच्या नियमांत पाहावे आणि शंका असेल तर प्रवेश कार्यालयाला ईमेल करून लेखी उत्तर घ्यावे.

फाइलमध्ये नववीपासूनचे गुणपत्रक, शाळेचा अहवाल, शिक्षकांची शिफारसपत्रे, निबंध आणि उपक्रमांची यादी असते. इंग्रजीच्या परीक्षेचे गुण बहुधा लागतात. एसएटी ही अमेरिकेतील प्रवेशपरीक्षा यांपैकी अनेक महाविद्यालयांत ऐच्छिक आहे. राज्य मंडळाच्या मुलींसमोरची अडचण अशी की बारावीचा निकाल मे-जूनमध्ये लागतो, आणि नियमित फेरीचे निर्णय मार्चअखेरीस आलेले असतात. तेव्हा दहावीचे आणि अकरावीचे गुण, सहामाही आणि पूर्वपरीक्षेचे गुण, आणि महाविद्यालयाने लेखी दिलेला बारावीचा अंदाज यांवरच सगळे ठरते. अकरावीकडे ‘विश्रांतीचे वर्ष’ म्हणून पाहण्याची आपल्याकडची रीत इथे महाग पडते. शिवाय राज्य मंडळाचे ८८ टक्के म्हणजे नेमके काय, हे परक्या वाचकाला कळत नाही. महाविद्यालयाने एका पानाची माहितीपत्रिका जोडून वर्गात किती मुले आहेत, त्यांत या मुलीचे स्थान कुठे आहे, कोणते विषय शिकवले जातात आणि कोणते शिकवलेच जात नाहीत, हे सांगितले तर त्या टक्क्यांना अर्थ येतो. अशी पत्रिका बहुतेक कनिष्ठ महाविद्यालयांत तयार नसते; मसुदा स्वतः करून न्यावा आणि प्राचार्यांकडून तपासून घ्यावा.

शिफारसपत्राबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण शिष्यवृत्ती अनेकदा इथेच मिळते किंवा हुकते. आपल्याकडच्या दाखल्यांच्या वळणाने लिहिलेले ‘सदर विद्यार्थिनी हुशार, मेहनती व आज्ञाधारक असून तिची वर्तणूक चांगली आहे’ हे वाक्य इंग्रजीत उतरवले की त्यातून वाचणाऱ्याला काहीच मिळत नाही. एका मुलीच्या रसायनशास्त्राच्या सरांनी पहिला मसुदा नेमका असाच दिला होता. मी तिला सांगितले की सरांकडे जाऊन पत्र बदलण्याचा आग्रह धरू नकोस. फक्त प्रयोगवहीतले एक पान त्यांच्यापुढे ठेव आणि त्या दिवशी काय झाले होते याची आठवण करून दे. टायट्रेशन (द्रावणाची तीव्रता मोजण्याचा प्रयोग) करताना तिने नोंदवलेले तीनही आकडे एकमेकांशी जुळत होते, पण शेजारच्या टेबलांवरच्या वाचनांपेक्षा सगळेच सारख्याच अंतराने वेगळे होते. इतरांनी तिला आकडे ‘जुळवून’ घ्यायला सांगितले. तिने तसे न करता ब्युरेट, म्हणजे द्रव मोजण्याची नळी, बदलून मागितले आणि पुन्हा वाचने घेतली. सरांनी हा प्रसंग आपल्या साध्या इंग्रजीत दहा-बारा ओळींत लिहिला. भाषेत चुका होत्या, त्या तशाच राहू दिल्या, कारण पत्र शिक्षकाचे असते आणि ते शिक्षकाचेच वाटले पाहिजे. विद्यार्थिनीने किंवा सल्लागाराने लिहून शिक्षकाच्या नावे पाठवलेली पत्रे शैलीवरून ओळखू येतात, आणि तो सरळ अप्रामाणिकपणा आहे.

निबंधाबाबत एवढेच सांगेन की आनंदीबाई जोशींना शक्यतो त्यांच्या जागी राहू द्यावे. त्या १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या आणि ब्रिन मॉर त्याच परिसरात १८८५ साली सुरू झाले, हा योगायोग मोहात पाडणारा आहे खरा. पण माझ्याकडे येणाऱ्या अनेक मसुद्यांत त्यांच्यावर दोन परिच्छेद असतात आणि लिहिणाऱ्या मुलीवर चार ओळी. ‘आमचेच महाविद्यालय का’ या प्रश्नाचे उत्तर मात्र अभ्यास करून लिहावे. स्मिथ आणि माउंट होल्योकच्या विद्यार्थिनींना ॲमहर्स्ट, हॅम्पशायर आणि मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट शाखेत विषय घेता येतात, ब्रिन मॉरच्या मुली हॅवरफर्डमध्ये शिकू शकतात, स्क्रिप्सच्या मुली क्लेअरमाँटमधल्या शेजारच्या महाविद्यालयांत. आपल्याला हवा असलेला नेमका विषय या व्यवस्थेत कुठे शिकवला जातो, हे शोधून लिहिणारी मुलगी खरोखर येणार आहे असे वाचणाऱ्याला वाटते, आणि सवलत कुणाला द्यायची हे ठरवताना महाविद्यालय हाच अंदाज घेत असते.

आता पैशांचा भाग, ज्यात सर्वाधिक गैरसमज आहेत. परदेशी विद्यार्थिनीच्या बाबतीत यांतली बहुतेक महाविद्यालये प्रवेशाचा निर्णय घेतानाच तिने आर्थिक साहाय्य मागितले आहे का, हे पाहतात. जितके अधिक मागाल तितकी स्पर्धा कडक होते. केवळ गुणवत्ता शिष्यवृत्तीच्या भरवशावर, साहाय्य न मागता अर्ज केला तर प्रवेश तुलनेने सोपा होतो. पण मग शिष्यवृत्ती मिळाली नाही किंवा थोडी मिळाली तर परतीचा मार्ग राहत नाही, कारण अनेक ठिकाणी पहिल्या अर्जात साहाय्य न मागणाऱ्या परदेशी विद्यार्थिनीला पुढच्या चारही वर्षांत ते मागता येत नाही. दुसरे असे की जिथे कुटुंबाची सिद्ध झालेली गरज पूर्ण भागवली जाते, तिथे गुणवत्ता शिष्यवृत्ती सहसा त्या साहाय्यात जमा धरली जाते. समजा गरज ६० हजार डॉलरची ठरली आणि २० हजारांची गुणवत्ता शिष्यवृत्ती मिळाली, तर एकूण ८० हजार होत नाहीत; गरजेपोटीचे अनुदान ४० हजारांवर येते आणि घरून भरायची रक्कम बहुधा तेवढीच राहते. म्हणजे गुणवत्ता शिष्यवृत्तीचा खरा लाभ कुणाला? ज्यांचे उत्पन्न ‘गरजू’ ठरण्याइतके कमी नाही, पण पूर्ण खर्च पेलण्याइतके जास्तही नाही, अशा मधल्या घरांना. पगारदार आई-वडील आणि पुण्यात एक फ्लॅट असलेले कुटुंब या गटात येऊ शकते. त्याहून खाली असलेल्या घराने गुणवत्तेच्या मागे न लागता गरजेचा अर्ज नीट भरावा. त्यांच्यासाठी वेल्स्ली आणि बार्नर्डही पुन्हा यादीत येतात.

गरजेच्या अर्जासाठी बहुतेक ठिकाणी सीएसएस प्रोफाइल हा कुटुंबाच्या आर्थिक माहितीचा ऑनलाइन अर्ज भरावा लागतो. त्यात पगार, घर, जमीन, ठेवी, कर्जे असे सगळे विचारतात आणि आकडे रुपयांत देता येतात. वडील शेती करणारे असतील आणि आयकर विवरणपत्र भरत नसतील, तर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि सातबारा उतारा यांचे इंग्रजी भाषांतर जोडावे, आणि सातबाऱ्यावर चुलत्यांची नावे असतील तर आपला हिस्सा किती हे एका वेगळ्या पत्रात स्पष्ट लिहावे. नाहीतर वाचणारा पूर्ण गट तुमच्याच नावावर धरतो.

गुणवत्ता शिष्यवृत्तीचे पत्र आले की पहिल्या वर्षाचा आकडा पाहून आनंदून जाऊ नये. चार वर्षांचा हिशेब मांडावा. स्मिथ, ब्रिन मॉर किंवा स्क्रिप्ससारख्या ठिकाणी फी, राहणे, जेवण आणि विमा धरून वर्षाचा खर्च आज ८५ हजार डॉलरच्या पुढे आहे आणि तो दरवर्षी वाढतो. शिष्यवृत्तीची रक्कम मात्र बहुधा चारही वर्षे तीच राहते. पहिल्या वर्षाचा खर्च ८६ हजार, वार्षिक वाढ ४ टक्के आणि शिष्यवृत्ती २५ हजार धरली, तर पहिल्या वर्षी घरून ६१ हजार जातात, चौथ्या वर्षी सुमारे ७१,७००, आणि चार वर्षांत मिळून सुमारे २ लाख ६५ हजार डॉलर. रुपया घसरला तर तो भार वेगळा. पत्रातच शिष्यवृत्ती टिकवण्याच्या अटी असतात: किमान सरासरी श्रेणी, पूर्णवेळ नोंदणी, आठ सत्रांची मर्यादा. एखादे सत्र अमेरिकेबाहेर दुसऱ्या देशात शिकायला गेल्यास शिष्यवृत्ती लागू राहते का, हे विचारून घ्यावे. उरलेला भाग भारतातल्या शिष्यवृत्त्यांतून भरून काढू, असे अनेक पालक गृहीत धरतात, पण जे. एन. टाटा एन्डाउमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती आणि राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती या दोन्ही पदव्युत्तर शिक्षणासाठी आहेत, बारावीनंतरच्या पदवीसाठी नाहीत.

‘अर्ली डिसिजन’ने, म्हणजे एकाच महाविद्यालयाशी बांधून घेणाऱ्या आधीच्या फेरीत, अर्ज करायचा असेल तर हे सगळे आधी ठरलेले हवे, कारण त्या फेरीत प्रवेश मिळाला की बाकीचे अर्ज मागे घ्यावे लागतात आणि दोन महाविद्यालयांची पत्रे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. शिष्यवृत्तीची तुलना करायचीच असेल तर नियमित फेरी बरी. तिथे १ मेपर्यंत उत्तर देण्याची मुदत असते. दरम्यान दुसरीकडून मोठी रक्कम आली असेल तर पहिल्या पसंतीच्या महाविद्यालयाला फेरविचाराची विनंती करणारे पत्र लिहिण्यात काहीही गैर नाही. त्या दुसऱ्या महाविद्यालयाचे पत्र जोडावे, घरून वर्षाला नेमके किती भरता येतील तो आकडा लिहावा, आणि घासाघीस करण्याचा सूर टाळावा. काही वेळा उत्तर नकारार्थीच येते, पण विनंती केल्यामुळे प्रवेश काढून घेतल्याचे मी पाहिलेले नाही.

शेवटी कर. शिष्यवृत्तीचा जो भाग ट्यूशन फी आणि सक्तीच्या शुल्कांपोटी जातो त्यावर अमेरिकेत कर लागत नाही, पण राहण्या-जेवणापोटी मिळालेल्या भागावर लागतो, आणि एफ-१ व्हिसावरील विद्यार्थिनीकडून त्या भागावर साधारणपणे १४ टक्के कर आधीच कापून घेतला जातो. भारत आणि अमेरिका यांच्यातील करकरारामुळे भारतीय विद्यार्थिनीला विवरणपत्र भरताना प्रमाणित वजावट (स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातून सरसकट वजा होणारी ठरावीक रक्कम) घेता येते आणि कापलेल्या रकमेतील बराच भाग अनेकदा परत मिळतो. ही वजावट बहुतेक इतर देशांच्या विद्यार्थिनींना मिळत नाही, त्यामुळे वसतिगृहातल्या मैत्रिणीचे विवरणपत्र पाहून आपले भरू नये. महाविद्यालयाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातून करसंबंधीची सोय विचारून घ्यावी आणि एप्रिलच्या मुदतीआधी विवरणपत्र भरावे.