कोल्हापूरचा हिशोब बेळगावात लागत नाही

कोल्हापूरच्या मावसबहिणीनं सोलर बसवलं तेव्हापासून तिचा एकच धोशा, "आक्का, तू पण बसव की." पण तिचं बिल महावितरणचं, माझं हेस्कॉमचं, म्हणजे कर्नाटकातल्या वीज कंपनीचं. इकडे कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत 200 युनिटपर्यंत वीज मोफत मिळते, तिकडे तशी सोय नाही. म्हणून बेळगावच्या वडगावात राहा नाहीतर खानापुरात, आधी मागची बारा बिलं काढा आणि महिन्याचे युनिट एका कागदावर मांडा.

बिल शून्य येत असेल तर थांबा. वाचवायला पैसाच नाही, मग लाखभर रुपये कशाला अडकवायचे? आमचं तसं राहिलं नव्हतं. सून आली, गिझर आला, एसी आला, आणि वर्षातले आठ महिने 250 च्या आसपास जायला लागले. 200 ओलांडले की सगळंच बिल भरावं लागतं. तेव्हा मी गंभीरपणे विचार सुरू केला.

गच्ची मात्र डिसेंबरात बघा. आमच्याकडे विक्रेता मे महिन्यात आला होता. सूर्य बरोबर डोक्यावर, सावली कुठंच नाही. "जागा एक नंबर आहे," म्हणाला. मला पटेना. मार्गशीर्षात मी खडू घेऊन वर गेले आणि नऊ, बारा, तीन वाजता सावलीच्या कडा आखल्या. दक्षिणेकडच्या शेजाऱ्यांची पाण्याची टाकी दुपारभर आमच्या निम्म्या गच्चीवर! पॅनेल एका साखळीत जोडलेले असतात, एकावर सावली पडली की बाकीच्यांचीही वीज घटते. आता ते उत्तरेच्या कडेला आहेत, तोंड दक्षिणेकडे.

विक्रेत्याला 3 किलोवॅट घालायचं होतं. स्वच्छ उन्हात 1 किलोवॅट दिवसाला साधारण 4 युनिट देतं, म्हणजे आम्हाला 2 पुरे. जागा अंदाजे 200 चौरस फूट. पीएम सूर्यघर योजनेत 2 किलोवॅटला 60,000 रुपये अनुदान आहे, 3 ला 78,000. तिसऱ्या किलोवॅटला फक्त 18,000 जास्त मिळतात, हे कुणी आपणहून सांगत नाही. शिवाय अनुदान काम झाल्यावर खात्यात येतं, तोवर पूर्ण रक्कम हाताशी हवी.

आणखी एक. लाईट गेली की बॅटरी नसलेलं सोलर बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. तारेवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून ती व्यवस्था असते. आपल्याकडे पावसाळ्यात तारा तुटतात, त्या वेळी उजेड हवा असेल तर बॅटरीचा खर्च वेगळा धरा.

खानापूरच्या भावाचं घर कौलारू आहे. त्याला मी आधी सुताराकडून वासे तपासून घ्यायला सांगितलं. वर मजला चढवायचा विचार असेल तर तो आधी चढवा. आमचा स्लॅब गळत होता. आधी गळती काढली, एक पावसाळा जाऊ दिला, भिंती कोरड्या राहिल्या हे बघितलं आणि दिवाळीनंतर अर्ज भरला.