समुद्रकिनारी निसर्गनोंदींचं गट-शिबिर: या चुका टाळा

दापोलीजवळच्या आंजर्ले-केळशी पट्ट्यात दोन-तीन दिवसांचं निसर्गनोंदींचं, म्हणजे बाहेर बसून दिसेल ते चित्रं-टिपणांनी वहीत उतरवण्याचं शिबिर घ्यायला फार काही लागत नाही, असं वाटतं. घरगुती राहण्याची सोय, पंधरा माणसं, वह्या आणि रंगपेट्या एवढ्यावर भागेल, असा हिशोब असतो. तरीही दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निम्मा गट वह्या मिटून खोलीत बसलेला दिसतो, आणि त्याची कारणं बहुतेक वेळा ठरलेली असतात. इथे आंजर्ल्याचा आसपास डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. लांबलचक पुळण, जोग नदीच्या खाडीतली तिवरं आणि हर्णैच्या बाजूचे खडक हे तिन्ही तिथे थोड्या अंतरात मिळतात. कोकणात इतर ठिकाणीही हेच लागू पडेल.

तारीख शनिवार-रविवार बघून ठरवणं

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. सुट्टी बघून तारीख ठरते, जेवणाच्या वेळा बघून सत्रं ठरतात आणि ऐन खडकावर बसायच्या वेळी खडक पाण्याखाली असतात. किनाऱ्यावरचं वेळापत्रक चंद्र ठरवतो. म्हणून आधी पंचांग उघडा, मग सुट्टी शोधा.

कोकणातला जुना हिशोब सोपा आहे. तिथीचा आकडा पाऊणने गुणा, भरतीची अंदाजे वेळ मिळते. द्वितीयेला दोन पाऊण दीड, म्हणजे दीडच्या सुमारास भरती. तिच्या सव्वासहा तास आधी, म्हणजे सकाळी सव्वासातच्या आसपास ओहोटीचा तळ. तृतीयेला तो आठला, चतुर्थीला पावणेनऊला. अष्टमीला भरती सहाला येते आणि ओहोटी भर दुपारी बाराला. शिवाय त्या दिवसांत भांग, म्हणजे कमी जोराची भरती-ओहोटी असते, पाणी फारसं मागे सरत नाही. उन्हात भाजूनही खडकांचा वरचा पट्टाच तेवढा दिसतो.

म्हणून पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरची द्वितीया ते चतुर्थी शिबिरात आली पाहिजे. उधाणाचा जोर पुनवेच्या-अवसेच्या ऐन दिवशी नसून त्यानंतर एक-दोन दिवसांनी सर्वांत जास्त असतो आणि ओहोटीही सकाळी उजाडल्यावर मिळते. डिसेंबर-जानेवारीत सात वाजून गेल्याशिवाय नीट दिसत नाही, त्यामुळे ऐन पौर्णिमेची पहाटे पाचची ओहोटी चित्रांच्या कामाची नाही. पाऊणचा हिशोब अर्ध्या-पाऊण तासाने चुकू शकतो. तो तारीख निवडायला वापरा. अंतिम वेळ आणि पाण्याची उंची जवळच्या बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून घ्या. दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या खोल नसतात, हेही तक्त्यातच कळतं. मुंबईचा तक्ता तसाच उचलू नका. दक्षिणेकडे जावं तशी भरती-ओहोटीतली उंचीची तफावत कमी होत जाते, त्यामुळे मुंबईच्या खडकांवर जेवढं उघडं पडतं तेवढं मालवणात पडत नाही.

खडकावर तळाच्या दीड तास आधी उतरा. तळाची वेळ झाली की सामान आवरायला घ्या आणि पुढच्या अर्ध्या तासात सगळे कोरड्यावर आले पाहिजेत. पाणी वळल्यावर पहिल्या तासात एकूण चढाचा जेमतेम एक बारांश (बारावा भाग) चढतो, म्हणून सगळ्यांना वाटतं की अजून वेळ आहे. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मात्र तासाला तीन बारांश चढतो. तोवर मागच्या बाजूची चर भरलेली असते आणि पुढे बसलेल्यांना परतायला वाट राहत नाही. गटाच्या पुढे एक जाणता आणि अगदी शेवटी दुसरा, हा नियम मोडू नका. शेवटचा माणूस स्वतः चित्र काढत बसत नाही, त्याची नजर पाण्यावर आणि माणसांवर असते.

तीन दिवसांत सगळं दाखवायचा हट्ट

सुवर्णदुर्ग, कड्यावरचा गणपती, हर्णैचा मासळी लिलाव, कासवं आणि मधल्या वेळात वह्या, असा कार्यक्रम आखला की ती सहल होते. निसर्गनोंदीला एका जागी किमान चाळीस मिनिटं लागतात आणि त्यातली पहिली दहा फक्त नजर बसण्यात जातात. दिवसाला दोन मोठी सत्रं पुरेत: सकाळचं ओहोटीवर, संध्याकाळचं साडेचारनंतर. दुपारी सावलीत रंग भरणं, झोप आणि गप्पा. एका मार्गदर्शकामागे आठ ते दहा माणसं ठीक, बाराच्या पुढे गेलात तर दुसरा मार्गदर्शक घ्या.

कासवांचं वेगळं सांगायला हवं. ऑलिव्ह रिडलेची पिल्लं मुख्यतः फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये बाहेर पडतात आणि ती कधी निघतील हे कोणाच्या हातात नसतं. जाहिरातीत कासवांचं वचन दिलंत तर लोक कासव दिसेपर्यंत वही उघडत नाहीत. पिल्लं सोडताना हजर राहता आलंच, तर फ्लॅश नाही, विजेरी नाही, दोरीच्या आत पाऊल नाही. उजेडाने पिल्लांची समुद्राकडची दिशा चुकते. त्या वेळी फक्त बघा आणि नंतर आठवणीतून काढा. पाच मिनिटं नीट पाहिलेलं आठवणीतून चांगलं उतरतं.

कागद आणि रंग पुण्यात चालले म्हणून किनाऱ्यावर चालतील, हे गृहीत धरणं

खारी हवा, दमटपणा आणि वारा यांच्यापुढे साधी चित्रकलेची वही एका दिवसात हार मानते. शंभर जीएसएमचा (चौरस मीटरला शंभर ग्रॅम वजनाचा) कागद पहिल्याच रंगाने लाटांसारखा उठतो. कमीत कमी दोनशे जीएसएम घ्या, परवडत असेल तर तीनशे. आकार ए-५, पुठ्ठा कडक. मोठी वही मांडीवर वाऱ्यात सांभाळता येत नाही. प्रत्येकाला दोन काळ्या चिमट्या-क्लिपा द्या. एक उघड्या पानाला, एक मागच्या गठ्ठ्याला.

रंगवलेलं पान वाळलंय असं वाटतं, पण आत ओल असते. वही तशीच मिटली की रात्रीतून समोरासमोरची पानं चिकटतात आणि सकाळी ओढल्यावर दोन्ही चित्रं सोलून निघतात. पानांमध्ये बटर पेपर ठेवा, पान क्लिपने उघडं धरून उन्हात दहा मिनिटं बसा. पूर्ण वाळल्यावरच वही झिपच्या पिशवीत, सोबत सिलिका जेलची पुडी. ओली वही पिशवीत बंद केलीत तर घरी पोचेपर्यंत बुरशीचे ठिपके आलेले असतात. रात्री वह्या ओटीवर किंवा पडवीत ठेवू नका.

रंगासाठी समुद्राचं पाणी वापरायचा मोह बऱ्याच जणांना होतो. कल्पना गोड आहे, पण मीठ हवेतली ओल ओढत राहतं, त्यामुळे ते पान कधीच धड वाळत नाही आणि ब्रशचे केस राठ होतात. माणशी शंभर मिली गोडं पाणी घट्ट झाकणाच्या बाटलीत न्या. ब्रश धुतलेलं पाणी त्याच बाटलीत परत आणा. खडकातल्या डबक्यात ते ओतणं म्हणजे तिथल्या जिवांवर गोडं पाणी आणि रंगद्रव्य दोन्ही टाकणं. काही रंगांत तांबं आणि कॅडमियम असतं.

पेन साधं जेलचं असेल तर रंगाचा पहिला हात फिरताच रेघा पसरतात. पाण्याने न पसरणाऱ्या शाईचे फाइनलायनर, ०.३ आणि ०.५, आणि एक २बी पेन्सिल एवढं पुरे. गॉगल काढून रंग बघा, नाहीतर सगळा समुद्र तपकिरी झाक घेऊन वहीत उतरतो. बसताना पान स्वतःच्या सावलीत येईल असं बसा, पांढऱ्या कागदावरची तिरीप पंधरा मिनिटांत डोळे दुखवते.

चित्र "चांगलं" यावं म्हणून धडपडणं

इथे शिबिर खऱ्या अर्थाने बिघडतं, आणि बिघडवतो बहुधा मार्गदर्शक. पहिल्याच सत्रात तो स्वतःची सुंदर वही फिरवतो आणि ज्यांनी शाळेनंतर ब्रश धरलेला नाही ते गप्प होतात. तुमची वही शेवटच्या दिवशी दाखवा. गटात वह्या मांडताना "छान आलंय" हा शब्दही टाळा. त्याऐवजी विचारा, "हे तुमच्या लक्षात कसं आलं?"

कोऱ्या पानापुढे अडलेल्याला तीन प्रश्न द्या: काय दिसतंय, काय प्रश्न पडतोय, हे पाहून काय आठवतंय. निसर्गनोंदी करणाऱ्यांमध्ये हे प्रश्न रुळलेले आहेत, कारण त्यांनी हात हलतो. पण नुसते प्रश्न फळ्यावर लिहून भागत नाही, समोर एक लहान, पक्की गोष्ट हवी.

पुळणीवरच्या वाळूच्या गोळ्या घ्या. ओहोटीला ओल्या वाळूवर मोहरीपासून मिरीएवढ्या गोळ्यांची नक्षी पसरलेली असते. जेमतेम सेंटिमीटरभर अंगाचा खेकडा बिळातून निघून वाळू तोंडाशी नेतो, तिच्यावरचं खाण्याजोगं तेवढं वेचतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. माणसं चालत गेली की सगळे बिळात, म्हणून लोक म्हणतात "इथे काहीच नाही". बिळापासून दोन हातांवर बसा, हलू नका, सावली बिळावर पडू देऊ नका. पाच-दहा मिनिटांत ते परत वर येतात. तोवर नक्षी काढा: बीळ मध्ये, गोळ्या कुठल्या बाजूला दाट, बिळाकडे पळायची मोकळी वाट कुठे सोडली आहे. बिळाचं तोंड पेन्सिलीच्या जाडीशी ताडून बघा, सर्वांत लांबची गोळी किती वितींवर आहे ते मोजा, खेकडा दिसू लागला की मिनिटाला किती गोळ्या पडतात ते टिपा. नवी आणि जुनी गोळी ओलीवरून ओळखता येते का, हा प्रश्न पानावरच लिहा. खेकड्याचं चित्र वाकडं आलं तरी हे पान भरलेलं असतं. पुढच्या भरतीला ती सगळी नक्षी पुसली जाते.

पानाच्या कोपऱ्यात तारीख, वेळ, जागा, तिथी, भरती-ओहोटीची वेळ, वारा आणि आभाळ आधी लिहायला लावा. नंतर कोणी लिहीत नाही. आकारासाठी स्वतःची वीत आणि करंगळीचं नख एकदा पट्टीवर मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मोबाइलवर फोटो काढून खोलीत त्यावरून चित्र काढणं तीन दिवस तरी बंद ठेवा. फोटोत रंग असतो, पण तो जीव काय करत होता हे निसटतं.

पक्ष्यांच्या बाबतीत उलटी चूक होते: एकच कुरव पूर्ण काढायचा प्रयत्न. तो उडाला की चित्र अर्धं. एका पानावर पाच-पाच सेकंदांच्या सहा मुद्रा घ्या, पक्षी त्या मुद्रेत पुन्हा आला की तिच्यात भर घाला. थवा माना वर करून चालू लागला की तुम्ही फार जवळ गेलात, तिथेच थांबा. दुर्बीण ८×४२ची, म्हणजे आठ पटीची पुरे. बारा पटीची हातात थरथरते.

हाताळणी

दगड उलटला तर जसा होता तसाच परत ठेवा, खालचे जीव उन्हात मरतात. समुद्रफुलात (फुलासारखा दिसणारा खडकावरचा जीव) बोट घालू नका, तारामासा उचलू नका. शंख-शिंपले घरी नेऊ नका, रिकाम्या शंखाला पुढचा भाडेकरू शंखातला खेकडा असतो, आणि प्रवाळ तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं. गळ्यात दोरीवर अडकवायचं दहा पटीचं भिंग पाच जणांत एक पुरतं. तिवरांत चिखलात उतरू नका. जमिनीतून वर आलेली पेन्सिलीसारखी श्वासमुळं पायाखाली मोडतात. बांधावरून तिवराच्या पानावरचे मिठाचे कण, कांदळाची कमानीसारखी आधारमुळं आणि झाडावरच रुजलेली लांब शेंग, एवढं काढायलाच सकाळ पुरत नाही.

आणि नावं. गट पुस्तकातली इंग्रजी नावं शोधत असतो, तेव्हा शेजारी कालवं काढणाऱ्या बाईला प्रत्येक खडकाची माहिती असते. तिला सत्रात बोलवा, तिच्या वेळेचं मानधन आधी ठरवून द्या आणि "निवटी" (चिखलातला मासा), "शिनाणे" (खडकाला चिकटलेले शिंपले) अशी नावं तिच्या उच्चारात वहीत उतरवा.

बिघडलंच तर

वहीवर लाट आली: गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने मीठ टिपा, टिपकागद घाला, वर सपाट वजन ठेवून वाळवा. रंगपेटी चिकट झाली: रात्री झाकण उघडं ठेवू नका, सिलिका जेलसह डब्यात बंद करा. कोणी शेवाळावर घसरलं: सपाता घालून आलेल्यांना खडकावर उतरूच देऊ नका, घट्ट बसणारे रबरी तळव्याचे बूट हवेत. जेलीफिशचा चटका: चोळू नका, गोडं पाणी टाकू नका, समुद्राच्या पाण्याने धुऊन चिमट्याने धागे काढा. पाकट माशाचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून थेट दवाखाना. जाळ्यातून फेकलेला समुद्री साप मेलेला वाटला तरी हात लावू नका. सर्वांत जवळचा दवाखाना कुठे आणि तिथे जायला गाडी कोणाची, हे शिबिराच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येकाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घ्या.