बाळाच्या हृदयाची झडप अरुंद निघाली? फुगा घालायच्या आधी न् नंतर काय करायचं

बहिणीच्या बाळाच्या वेळी डिस्चार्जची बॅग भरून झालेली, दुपटी वगैरे सगळं, आणि सिस्टरने पायाला सेन्सर लावला तर ऑक्सिजनचा आकडा 84. म्हणून पहिलं सांगणं हेच, घरी निघायच्या आधी उजव्या हाताचं आणि एका पायाचं ऑक्सिजन मोजून मागा, दोन मिनिटांचं काम आहे. 95 च्या खाली येत असेल किंवा हातापायात 3 पेक्षा जास्त फरक असेल तर पुन्हा मोजायला सांगा, आणि 90 च्या खाली असेल तर थांबूच नका, टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, लगेच.

फुफ्फुसाकडे जाणारी झडप फारच अरुंद असेल तर प्रोस्टाग्लँडिनची ड्रिप लावतात, त्याने जन्मानंतर बंद होणारी एक रक्तवाहिनी उघडी राहते आणि फुफ्फुसाला रक्त मिळत राहतं. मोठ्या हॉस्पिटलला हलवताना ही ड्रिप बंद पडता कामा नये, पंपाची बॅटरी चार्ज आहे ना विचारा, लाजू नका. या औषधाने बाळाचा श्वास मधेच थांबू शकतो, त्यामुळे अँब्युलन्समध्ये श्वास सांभाळता येणारा डॉक्टर हवाच.

मग कॅथलॅब, म्हणजे हृदयात नळी घालायची खोली. छाती उघडत नाहीत, जांघेतल्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात आणि झडपेत फुगा फुगवतात, काही सेकंदच, चिकटलेल्या पाकळ्या सुटतात. फुगा झडपेच्या मापाच्या साधारण सव्वापट घेतात. महाधमनीची, म्हणजे शरीराला रक्त पुरवणाऱ्या मुख्य धमनीची झडप असेल तर मात्र मापापेक्षा मोठा घेत नाहीत, तिथे गळती लागली, म्हणजे रक्त उलटं यायला लागलं, की महागात पडतं. लहान मुलात फुफ्फुसाच्या झडपेवर हा प्रकार 1982 मध्ये पहिल्यांदा छापून आला, तेव्हा आता प्रयोग वगैरे राहिलेला नाही.

आम्ही सगळ्यात जास्त घाबरलो ते नंतर! झडप उघडली तरी आकडा लगेच वर जाईना, आई तर देव पाण्यात घालून बसली. हृदयाचा उजवा कप्पा इतके दिवस जोर लावून जाड, ताठ झालेला असतो, त्याला सैल व्हायला दिवस लागतात, कधीकधी ड्रिपही चालू ठेवावी लागते. ज्या पायातून नळी घातली तो गार किंवा निळसर वाटला तर मात्र तिथल्या तिथे सिस्टरला हाक मारा.

पैशाचं म्हणाल तर महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी गाठा, आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचंही विचारा, त्यात जन्मजात हृदयदोष येतात.

पुढच्या एकोची तारीख लसीच्या कार्डावरच लिहा, झडप परत आखडू शकते किंवा गळू शकते, आणि फाईल हरवते पण ते कार्ड कुठलीच आई हरवत नाही.